विचारलं म्हणून हो म्हटलं

मोठ्या मामांचा फोन लँडलाइनवरून आला तेव्हाच पाल चुकचुकली. हातात मोबाइल आल्यापासून त्या फोनचं बिल ते नेमानं भरतात, वापरत मात्र नाहीत. नात्यातल्या एका मुलाच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती. मुलगा लग्नाचा, दिवस लग्नसराईचे, नंबर ओळखीचा. संशय यायचा कुठून? पत्रिकेवर बोट ठेवलं तर फोननं काहीतरी विचारलं, मामा हो म्हणाले. पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा हो. पत्रिका काही उघडली नाही, पण तासाभरात मामांच्या नंबरवरून तीच पत्रिका निवृत्त मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर, भजनी मंडळात, दूधवाल्याला आणि एका जुन्या भाडेकरूला जाऊन पोचली. भाडेकरूंचा तर उलट फोन आला, मुलीकडचे कोण म्हणून. त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं होती. म्हणजे पत्रिका नव्हतीच, ॲप होतं, आणि त्यानं मागून घेतलेल्या परवानग्यांमध्ये एसएमएस वाचायची परवानगी होती. बँकेचा ओटीपी आला की तो परस्पर दुसरीकडे पाठवायचा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मामांचं खातं पासबुकाच्या जमान्यातलं, मोबाइल बँकिंग त्यांनी कधी सुरूच केलेलं नाही, म्हणून पैसे वाचले.

डोक्यात राहिलं ते फोन ठेवता ठेवता ते जे म्हणाले ते. "अरे, त्यानं विचारलं म्हणून मी हो म्हटलं. विचारलंच नसतं तर मी कशाला काय केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर अपेक्षेप्रमाणे न्यायनिवाडा सुरू झाला. बंगळुरूच्या भाच्यानं लिहिलं, आयफोन घ्या, त्यात व्हायरस येतच नाही. एका चुलतभावाचं म्हणणं की अँड्रॉइड आतून लिनक्सच आहे आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही, त्यामुळे मामांचं काहीतरी चुकलं असणार. तिसऱ्यानं विंडोजच्या नावानं बोटं मोडून घेतली, जिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. हे भांडण मला चांगलं ओळखीचं आहे. माणसं गाडीच्या कंपनीवरून भांडतात, तशाच निष्ठेनं ऑपरेटिंग सिस्टिमवरून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीवरून भांडतात, आणि प्रत्येकाकडे आपल्या बाजूचा एखादा खरा मुद्दा असतोच.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र सदाशिव पेठेतलं एक डीटीपीचं दुकान आलं. २००७-०८च्या सुमाराला तिथं माझं बसणं-उठणं होतं. जिन्याखालची अरुंद जागा, विंडोज एक्सपी असलेली तीन मशीन, पानं लावायला पेजमेकर आणि मराठी अक्षरांना श्रीलिपी, टोनरचा तो कोरडा, जरा कडवट वास, आणि भाद्रपद लागला की दिवाळी अंकांची रांग. लेखक मंडळी तेव्हा नुकती पेन ड्राइव्हवर आली होती. गळ्यात दोरीनं अडकवलेला पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर हस्तलिखित दिल्याचाच भाव असे. प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये एक कथा आणि चार-पाच व्हायरस. 'न्यू फोल्डर' नावाचं पिवळं फोल्डर दिसायचं, अगदी खऱ्यासारखं; ते फोल्डर नसून एक्झी, म्हणजे उघडताच चालू होणारी प्रोग्रामची फाइल असायची आणि तिला चेहरा फोल्डरचा दिलेला असायचा. डबल क्लिक केलं की आतला लेख उघडत नसे, पण मशीन कामाला लागे. थोड्या वेळानं प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच फोल्डरच्या नावाची एक एक्झी तयार. चालू प्रोग्राम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडावा तर पाटी येई की तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरनं तो बंद केला आहे. तिथल्या ऑपरेटर ताई ती पाटी वाचून संतापायच्या. "ॲडमिनिस्ट्रेटर मीच आहे ना इथली!"

त्या होत्याच, आणि घोळ तिथंच होता.

एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत जो पहिला वापरणारा तयार होई तो आपसूक ॲडमिनिस्ट्रेटर असे. त्यानं उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामला त्याचेच अधिकार: विंडोजच्या फोल्डरात लिहा, विंडोजच्या सेटिंगांची वही म्हणजे रजिस्ट्री, ती बदला, अँटिव्हायरस बंद करा, कुणी विचारणार नाही. हे आळसानं झालेलं नव्हतं. विंडोज ९५ आणि ९८ ही डॉसच्या घराण्यातली. तिथं मशीन एकाचंच असतं आणि फाइल कुणाची हा प्रश्नच नसतो. त्या काळात लिहिलेले हजारो प्रोग्राम मशीनवर कुठंही लिहायची मुभा गृहीत धरून चालायचे. एक्सपी मुळात एनटीच्या, म्हणजे कचेऱ्यांसाठी बनवलेल्या विंडोजच्या घराण्यातली, परवानग्यांची सगळी यंत्रणा तिच्या पोटात होती. पण ती कडक लावली असती तर जुने प्रोग्राम बंद पडले असते आणि गिऱ्हाईक ओरडलं असतं. म्हणून सोय केली. फाइलच्या नावाचं शेपूट दिसलं की सामान्य माणूस गोंधळतो, म्हणून ते लपवलं, ही दुसरी सोय. न्यू फोल्डरच्या मागचं 'डॉट एक्झी' दिसत नसे ते याच सोयीमुळे. सीडी घातली की आपोआप सुरू व्हावी म्हणून विंडोज ९५मध्ये ऑटोरन आणलं, ही तिसरी. पुढे पेन ड्राइव्हच्या साथीला हीच सोय सर्वांत जास्त मानवली.

त्यावरचे गावठी उपायही काय एकेक होते! पेन ड्राइव्हवर डबल क्लिक करायचं नाही, वर ॲड्रेस बारमध्ये ड्राइव्हचं अक्षर टाइप करून आत शिरायचं, हा पहिला धडा. लपलेल्या फाइली बाहेर काढायला काळ्या खिडकीत ॲट्रिबची कमांड, ती ताईंनी कीबोर्डच्या बाजूला चिकटपट्टीनं लावून ठेवली होती. आणि सर्वांत डोकेबाज उपाय म्हणजे पेन ड्राइव्हवर आपणच ऑटोरन डॉट आयएनएफ या नावाचं, म्हणजे ऑटोरन जी फाइल शोधतं तिच्याच नावाचं, एक रिकामं फोल्डर करून ठेवायचं. एका नावाच्या दोन गोष्टी एका जागी राहू शकत नाहीत, तेव्हा व्हायरस त्या नावाची आपली फाइल लिहायला आला की हात हलवत परत. पुढच्या व्हायरसांनी आधी फोल्डर पुसायला सुरुवात केली, ते निराळं. पण वर्षभर तरी पुण्यातल्या कितीतरी दिवाळी अंकांचं रक्षण त्या रिकाम्या फोल्डरानं केलं.

त्याच दुकानात मी उबुंटूची, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी नेली होती. ती तेव्हा परदेशातून टपालानं घरपोच येई, तीही फुकट. २०११मध्ये ती पद्धत बंद झाली. सीडीवरूनच मशीन सुरू केलं, एका ज्येष्ठ कथाकारांचा पेन ड्राइव्ह लावला आणि आतलं सगळं उघडं पडलं. लपवलेल्या फाइली, फोल्डराचा मुखवटा घातलेल्या एक्झी, सगळ्या आपापल्या खऱ्या नावानं ओळीनं मांडलेल्या. ऑटोरनची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली तर आत चार ओळी: 'ओपन' बरोबर अमुक एक्झी, आणि डबल क्लिक केलं तरी तीच एक्झी. इतक्या दिवसांच्या छळामागे एवढाच मजकूर. ताईंनी खुर्ची पुढे ओढून तो दोनदा वाचला. लिनक्सच्या लेखी ती एक्झी म्हणजे चालवता न येणारी एक निव्वळ फाइल. एक तर ती दुसऱ्याच सिस्टिमसाठी बांधलेली, आणि दुसरं म्हणजे नावावरून कुठलीही फाइल तिथं चालत नाही. चालवण्याची परवानगी फाइलवर वेगळी लावावी लागते, सिस्टिमच्या फाइलींना हात लावायचा तर पासवर्ड लागतो, आणि नवे प्रोग्राम बहुधा वितरकाच्या सही केलेल्या भांडारातूनच येतात. कुठल्याशा साइटवरून सेटअप उतरवायचा आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं, ही विंडोजवाल्यांची सवय तिथं लागायलाच वाव कमी.

"मग हेच का नाही टाकत?" असं मी मालकांना विचारलं. मालकांनी उत्तरादाखल पेजमेकर कुठून आणू ते विचारलं. मराठी अक्षरजुळणी तेव्हा श्रीलिपीवर होती, श्रीलिपी विंडोजवर होती, छापखान्याकडे जाणारी फाइल पेजमेकरची होती, आणि लिनक्सच्या त्या देखण्या पडद्यावर यातलं काहीच उघडत नव्हतं. सुरक्षित होतं, कारण तिथं आमचं काम नव्हतं. असं म्हणणं जरा अन्यायाचं आहे, पण त्या जिन्याखाली ते शंभर टक्के खरं होतं.

विंडोजच्या बाजूनं नेहमी केला जाणारा युक्तिवाद इथंच उगवतो: माणसं जास्त म्हणून चोर जास्त. घराघरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या बहुतेक मशीनवर विंडोज, तेव्हा व्हायरस लिहिणारा दुसऱ्या कुणासाठी कशाला लिहील? हे खोटं नाही, पण पुरतही नाही. इंटरनेटवरचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि पैसा, माहिती सगळं तिथंच असतं. हल्लेही भरपूर होतात, पण लेखकाच्या गळ्यातल्या दोरीवरून शेजारच्या दुकानात जाणारी ती बेफाम साथ तिथं दिसत नाही. उलट बाजूनं पाहिलं, तर लिनक्सचं पूर्वज घराणं म्हणजे युनिक्स, आणि इंटरनेटवरची पहिली गाजलेली साथ युनिक्सवरचीच. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेला वर्म, म्हणजे आपला आपण पसरणारा प्रोग्राम, हजारो मशीनमध्ये घुसला. कसा, ते मोठं गमतीचं आहे. मेल पोचवणाऱ्या प्रोग्राममध्ये दुरुस्ती करणाऱ्यांच्या सोयीसाठी एक मार्ग उघडा ठेवलेला होता. विद्यापीठातली मशीन एकमेकांवर विश्वास ठेवून पासवर्डाशिवाय आत घ्यायची, कारण प्राध्यापकांना सारखा पासवर्ड टाइप करायचा कंटाळा. म्हणजे सोयच.

ॲपलवाल्यांचा इतिहास तर त्याहून जुना. १९८२मध्ये रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलानं मित्रांची खोडी काढायला लिहिलेला एल्क क्लोनर हा व्हायरस ॲपल टू या कॉम्प्युटरच्या फ्लॉपीवरून पसरला. पन्नासाव्यांदा मशीन सुरू केलं की पडद्यावर कविता येई. पीसीवरच्या ब्रेन या व्हायरसचा जन्म १९८६चा, लाहोरच्या दोन भावांकडून, आणि त्यांनी व्हायरसच्या पोटात चक्क आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता, लस हवी असेल तर संपर्क साधा म्हणून. पुढे नव्वदच्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी क्विक हील हे अँटिव्हायरस उभं केलं. रोग आणि औषध दोन्ही उपखंडातल्या भावांच्या जोड्यांनी काढावं, याचं मला उगाचच कौतुक वाटतं.

तर ॲपल. २००६ च्या सुमाराला त्यांच्या जाहिरातीत पीसी झालेला माणूस शिंकताना दाखवत आणि मॅक झालेला तरुण त्याला रुमाल देई. जाहिरात छानच होती. २०१२मध्ये फ्लॅशबॅक हा व्हायरस आला आणि सहा लाखांच्या वर मॅक त्याच्या ताब्यात गेली. सुरक्षेतलं भोक होतं जावामधलं, म्हणजे मॅकवरच्या एका पूरक सॉफ्टवेअरमधलं. जावा बनवणाऱ्या ओरॅकलनं ते फेब्रुवारीतच बुजवलं होतं. पण मॅकवरची जावा ॲपल स्वतः पुरवत असे आणि त्यांची दुरुस्ती एप्रिलमध्ये आली. त्या वर्षी ॲपलनं आपल्या संकेतस्थळावरचं पीसीचे व्हायरस मॅकला होत नाहीत हे वाक्य गुपचूप बदललं.

विंडोज मात्र मार खाऊन शिकली, हे तिच्या निंदकांनीही मान्य करायला हवं. मे २०००मध्ये फिलिपिन्समधून निघालेल्या आय लव्ह यू या व्हायरसनं जगभरची आउटलुक, म्हणजे मेलचे प्रोग्राम, गाजवली. प्रेमपत्राच्या फाइलचं खरं शेपूट व्हीबीएस होतं आणि ते लपवलेलं असल्यानं लोकांना फक्त टीएक्सटी दिसलं. ऑगस्ट २००३च्या ब्लास्टरला तर क्लिकचीही गरज नव्हती. नेट जोडलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गिनती सुरू आणि मशीन बंद. ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, त्यात बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉल मुळातच सुरू केलेली होती. २००७च्या व्हिस्टानं ॲडमिनिस्ट्रेटरलाही विचारायला सुरुवात केली: अमुक प्रोग्राम बदल करू पाहतोय, करू देऊ? लोक इतके वैतागले की काहींनी ते विचारणंच बंद करून टाकलं. २०११मध्ये जुन्या विंडोजनाही अपडेटनं पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद करून मिळालं.

मिळालं, पण कुणाला? आपल्याकडची गोष्ट इथं वेगळी होते आणि कंपन्यांच्या अहवालांत ती क्वचितच येते. त्या दुकानातल्या तीनही मशीनवरची एक्सपी असेंबल करणाऱ्या पोरानं टाकून दिलेली होती, सगळ्यांच्याच मशीनवर असायची तशी. निघताना त्यानं एकच ताकीद दिली: अपडेट बंद ठेवा. कारण अपडेट आलं की विंडोज खरी आहे का ते तपासायची, आणि नसली तर २००८ पासून दर तासाला मागचं चित्र जाऊन पडदा काळाठिक्कर व्हायचा. काळ्या पडद्याची भीती व्हायरसच्या भीतीपेक्षा मोठी होती. गिऱ्हाइकासमोर अब्रू जायची. त्यामुळे भोकं बुजवणारी प्रत्येक दुरुस्ती पेठेच्या वेशीवरून परत गेली. १२ मे २०१७ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय आला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. तेव्हा सगळ्यांनी अपडेट न करणाऱ्यांना नावं ठेवली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, आणि तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आला होता. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम त्यानं आडवं केलं, आणि आपल्या न्हावा-शेव्याला त्यांच्या ताब्यातल्या टर्मिनलवर कंटेनर अडकून पडले. ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट केलं, त्यांच्यावरच संकट. यातून काय शिकायचं ते ठरवायला मला आजही जमलेलं नाही.

आणि चुलतभावाचं लिनक्स? २०१६मध्ये मिराय या व्हायरसनं जे सैन्य उभं केलं ते लिनक्सवरच्या कॅमेऱ्यांचं आणि राउटरांचं. भोक शोधायचीसुद्धा गरज पडली नाही. कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे, बस. विकत घेणाऱ्याला त्रास नको म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड. आमच्या सोसायटीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय आहे हे विचारायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले, जो आला होता तोच आहे, बदलला तर विसरायला होतं. मार्च २०२४मध्ये तर लिनक्सच्या एका छोट्या, सर्वत्र लागणाऱ्या एक्सझेड नावाच्या प्रोग्राममध्ये कुणीतरी दोन वर्षं भला माणूस होऊन काम करत शेवटी चोरदार बसवलं. ते सापडलं, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि तो खोदत गेला. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. ही गोष्ट मी मुद्दाम घरच्या ग्रुपवर टाकली. दोन्ही पक्ष तेवढ्यापुरते गप्प बसले.

भाच्याचं आयफोनबद्दलचं म्हणणं मामांच्या बाबतीत खरंच आहे. ती एपीके आयफोनवर नुसती पडून राहिली असती. पण २०२१मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरनं आयफोनमध्ये शिरायला जो मार्ग वापरला, त्यात मालकानं काहीच दाबलं नव्हतं. निरोपातलं चित्र उघडण्याआधीच तयार असावं म्हणून फोन ते स्वतःच वाचून ठेवायचा, आणि त्या वाचण्यातच भोक होतं. पुढच्या वर्षी ॲपलनं लॉकडाउन मोड आणला. त्यात नवं कवच वगैरे फारसं नाही. निरोपांतल्या बहुतेक जोडण्या बंद, दुव्यांची झलक बंद, अनोळखी लोकांचे फेसटाइम कॉल बंद. ज्या गोष्टींसाठी माणसं महागडा फोन घेतात त्यातल्या बऱ्याचशा काढून घेतल्या, की तो सुरक्षित होतो. ज्यांच्यावर सरकारं पाळत ठेवतात अशांसाठी तो आहे, आणि ते तो आनंदानं वापरत असतील असं वाटत नाही.

मामांची चूक म्हणावी तर कोणती? ऑटोरनच्या काळात मशीन न विचारता सगळं करायचं, म्हणून आपण ओरडलो. मग मशीन विचारायला लागलं. इतकं, इतक्यांदा, इतक्या अगम्य भाषेत की हो हे उत्तर बोटांच्या अंगवळणी पडलं. मामांच्या फोननं त्यांना धोक्याची सूचना दिली होती, नियमाप्रमाणे. मामांनी ती वाचलीही होती. ते शब्दकोडी सोडवणारे गृहस्थ, न वाचता काही दाबत नाहीत. पण 'अज्ञात स्रोत' याचा अर्थ त्यांनी असा लावला की फोन त्या मुलाला ओळखत नाही. तो लहान असताना त्याला मांडीवर घेतलेलं, तेव्हा मी ओळखतो की! त्यांचं उत्तर त्यांच्या परीनं बिनचूक होतं. फोनचा प्रश्न निराळा होता एवढंच.

डीटीपीचं दुकान अजून आहे. मालक आता थकलेत, ताई घरूनच काम करतात, पण एक जुनं मशीन तिथं एक्सपीवरच चालू आहे, कारण फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक फक्त त्यालाच बसतं आणि जुन्या दोन मासिकांचे अंक त्याच फॉन्टात आहेत. त्याला नेटची वायर कधी जोडत नाहीत. शेजारच्या मशीनवर विंडोज १० आहे. तिला नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झालं, आणि विंडोज ११ला हवी असलेली टीपीएम ही सुरक्षेची चिप त्या मशीनमध्ये नाही. हे सांगायला मी गेलो तर मालक प्रुफं चाळत होते. वर न बघताच म्हणाले, "दिवाळी होऊ दे रे, मग बघू." मी विचारलं, "तोवर काही झालं तर?" त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे सरकवला. "तोवर तू जरा यातलं हे उघडतंय का बघ, एका लेखकानं आत्ताच दिलंय."